मदतनिधीसाठी रस्त्यावर गाताना : कलाकारांनी आणि स्वयंसेवकांनी काय सांभाळावे

गरीब रुग्णांच्या उपचारांसाठी, पुरात वाहून गेलेल्या शाळेसाठी किंवा एखाद्या वसतिगृहाच्या खर्चासाठी रस्त्यावर गाऊन निधी गोळा करणे आपल्याकडे नवे नाही. १९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा ‘इप्टा’ या नाट्यसंघटनेच्या पथकांनी गाणी आणि नाटुकली घेऊन गावोगाव मदत गोळा केली होती. पृथ्वीराज कपूर तर नाटकाचा प्रयोग संपला की स्वतः दाराशी झोळी पसरून उभे राहत. मुंबईतील काळा घोडा कला महोत्सव १९९९ पासून रस्त्यावर आणि मोकळ्या जागेत विनामूल्य भरतो आणि त्या परिसरातील वारसा वास्तूंच्या जतनाला त्यातून हातभार लागतो. २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी रविवारी सकाळी काही रस्ते वाहनांसाठी बंद ठेवायला सुरुवात केली, तेव्हा मोकळ्या रस्त्यावर गाणेही किती सहज रुजते हे अनेकांनी पाहिले. तुमच्या शहरात असा मदत-संगीतोत्सव होणार असेल आणि त्यात गायची, वाजवायची किंवा नुसते राबायची इच्छा असेल, तर काही गोष्टी आधीच समजून घेतलेल्या बऱ्या.

सभागृहात येणारा श्रोता तिकीट काढताना घरीच निर्णय करून आलेला असतो. रस्त्यावरचा श्रोता मात्र भाजी घेऊन घरी निघालेला असतो, मुलाला शिकवणीहून आणत असतो आणि तीन-चार मिनिटे थांबतो. तेवढ्या वेळात त्याला गाणे आवडले पाहिजे, हा पैसा कोणासाठी आहे ते कळले पाहिजे आणि तो योग्य ठिकाणी पोहोचेल याची खात्रीही वाटली पाहिजे. यांतील पहिले काम कलाकाराचे आणि उरलेली दोन स्वयंसेवकांची, अशी वाटणी बहुतेक जण मनाशी करतात, पण ती मला मान्य नाही. गायकाने दोन गाण्यांच्या मध्ये संस्थेचे नाव चुकीचे सांगितले किंवा दानपेटीजवळच्या मुलाला ‘हे पैसे जातात कुठे?’ या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही, तर दोन्ही वेळा नुकसान सारखेच होते.

होकार देण्यापूर्वी

आयोजकांना पहिला प्रश्न विचारायचा तो परवानग्यांचा, आणि तो विचारण्यात संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही. महाराष्ट्रात १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्यात भिकेची व्याख्या इतकी रुंद आहे की सार्वजनिक जागी गाणे, नाचणे किंवा खेळ करणे या निमित्ताने पैसे मागणे किंवा घेणेही तिच्यात बसते; कायद्याने किंवा अधिकाऱ्याने ठरलेल्या रीतीने मान्य केलेल्या कारणासाठी पैसे गोळा करणे तेवढे तिच्यातून वगळलेले आहे. रस्त्यावर गाऊन उपजीविका करणाऱ्या माणसाला भिकारी ठरवणारी ही व्याख्या मला अन्यायाची वाटते. तरीही ती कायद्याच्या पुस्तकात आहे तोवर लेखी परवानगीची प्रत प्रत्येक ठिकाणच्या प्रमुखाजवळ असलीच पाहिजे, कारण गस्तीवरचा शिपाई आयोजकांच्या कार्यालयात जाऊन चौकशी करत नाही, तो समोर पेटी घेऊन उभ्या असलेल्या स्वयंसेवकालाच विचारतो.

दुसरी परवानगी निधी गोळा करण्याची. आयोजक हा नोंदणीकृत विश्वस्त न्यास नसेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळे वर्गणीसाठी जी परवानगी काढतात तीच ही, त्यामुळे तुमच्या गल्लीतल्या मंडळाचा एखादा जुना कार्यकर्ता तिची सगळी प्रक्रिया सांगू शकेल. याखेरीज स्थानिक पोलीस ठाण्याची ध्वनिवर्धकासाठीची परवानगी, वाहतूक पोलिसांची संमती आणि मांडव किंवा मंच उभारायचा असल्यास महापालिकेच्या विभाग कार्यालयाची मान्यता घ्यावी लागते. गाण्यांच्या स्वामित्वहक्काबाबत आयोजकांनी काय व्यवस्था केली आहे तेही विचारावे, विशेषतः ध्वनिमुद्रित संगीतावर गायचे असेल तर; कारण गाणे लिहिणाऱ्या-रचणाऱ्यांचे हक्क वेगळे आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगळे असतात.

दुसरा प्रश्न पैशांचा आणि तो स्पष्ट शब्दांत विचारावा : जमलेल्या रकमेतून खर्च वजा होणार आहे की खर्चासाठी वेगळा प्रायोजक आहे? दोन्ही पद्धती चालतात, फक्त जी असेल ती फलकावर लिहिलेली असावी. मानधनाचा प्रश्नही इथेच सोडवावा. मुख्य गायक किंवा गायिका आपले मानधन सोडून देते ही मोठी गोष्ट आहे, पण तबलजीचे आणि हार्मोनियमवादकाचे मानधन त्यांच्या वतीने सोडून देण्याचा अधिकार तिला नाही. साथीदारांपैकी अनेकांचे घर संध्याकाळच्या कार्यक्रमांवर चालते. त्यांना आधी एकांतात विचारावे, मोकळेपणाने ‘नाही’ म्हणता येईल अशा रीतीने विचारावे, आणि ते मानधन घेणार असतील तर ते ठरल्या दिवशी हातात पडेल असे पाहावे. प्रवासखर्च आणि वाद्यांची ने-आण यांचे पैसे तर सर्वांनाच मिळायला हवेत.

आवाज किती असावा

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक वापरता येत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, पण ते दिवस सहसा सणांसाठी राखलेले असतात. दिवसा निवासी भागात ५५ आणि व्यापारी भागात ६५ डेसिबल ही मर्यादा आहे, तर रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरपर्यंतच्या घोषित शांतता क्षेत्रात ती ५० वर येते. दोन माणसांचे साधे बोलणे सुमारे ६० डेसिबलपर्यंत जाते हे लक्षात घेतले, म्हणजे रस्त्यावर स्पीकरच्या मोठमोठ्या भिंती उभारायला वावच नाही हे कळते. मदतीसाठीच्या गाण्याला त्यांची गरजही नसते. बॅटरीवर चालणारा एक छोटा स्पीकर, एक माईक आणि समोर अर्धवर्तुळात उभी राहिलेली चाळीस-पन्नास माणसे ही रस्त्यावरची सर्वांत चांगली मैफल होय.

स्पीकर नेहमी दुकानांच्या किंवा घरांच्या दिशेने न ठेवता रस्त्याच्या लांबीच्या दिशेने, किंचित खाली झुकवून ठेवावा. दोन ठिकाणांचे आवाज एकमेकांत मिसळणार नाहीत इतके अंतर आयोजकांनी ठेवलेले असते, ते कमी वाटल्यास आवाज वाढवण्याऐवजी शेजारच्या गटाशी बोलून गाण्यांच्या वेळा आलटून-पालटून घ्याव्यात. वीज शेजारच्या दुकानातून किंवा पथदिव्याच्या खांबावरून ओढू नये. माईकवर स्पंजची टोपी लावावी, नाहीतर वाऱ्याची घरघर प्रत्येक शब्दावर चढते.

कोणत्या वाद्याला माईक लागतो आणि कोणत्याला नाही, याचा विचार आधी करावा. संबळ, ढोलकी, हलगी आणि टाळ ही वाद्ये मोकळ्या जागेसाठीच घडली आहेत, त्यांना माईक दिला की गायक दबतो. बासरी, सतार आणि गिटार यांना मात्र थोडा आधार द्यावाच लागतो. हार्मोनियम या दोहोंच्या मध्ये येते; गर्दी शांत असेल तर पहिल्या दोन-तीन रांगांपर्यंत ती माईकविना नीट ऐकू येते.

वाद्ये आणि गळा

उघड्यावर तबल्याचा सूर हलतो. उन्हात पुडी कोरडी होऊन तबला चढतो, पावसाळी दमट हवेत उतरतो, आणि हार्मोनियमचा सूर आपल्या जागी राहतो म्हणून हा फरक लगेच कानाला बोचतो. त्यामुळे तबला गायनाच्या अर्धा तास आधीच त्या जागी, सावलीत, झाकून नेऊन ठेवावा आणि शेवटचे सूर जुळवणे बसल्यावरच करावे. हातोडी आठवणीने घ्यावी. पखवाजाची अडचण वेगळी आहे. त्याच्या डाव्या पुडीवर लावलेली ओली कणीक वाऱ्याने घरातल्यापेक्षा फार लवकर सुकते, मग घुमारा कमी होतो आणि थाप नुसती वाजते. म्हणून मळलेला गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवावा, पाण्याची छोटी वाटी जवळ असावी आणि दोन अभंगांच्या मध्ये बोटाने चाचपून पाहावे. कणीक कडेला पांढरी पडून भेगाळू लागली की ती बदलायची वेळ झाली.

गळ्याचे म्हणाल, तर रस्त्यावर भिंती नसतात, त्यामुळे आपला आवाज आपल्याकडे परत येत नाही आणि गायक नकळत जोर लावू लागतो. बंद खोलीत तासभर सहज गाणारी व्यक्ती इथे वीस मिनिटांत थकते. स्पीकरचा थोडा भाग स्वतःला ऐकू येईल असे बसावे आणि पट्टी अर्ध्या स्वराने खाली घ्यावी. नेहमी काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेने त्या संध्याकाळी पांढरी पाच धरली तर गळा शेवटपर्यंत साथ देतो. मात्र तबला ठरावीक पट्टीच्या आसपासच नीट लागतो, म्हणून हा बदल तबलजीला आदल्या दिवशीच सांगावा. कोमट पाण्याची बाटली घरूनच आणावी.

गाण्यांची निवड आणि बोलणे

एका बैठकीला पंचवीस ते तीस मिनिटे पुरतात. त्या अवधीत समोरची गर्दी अनेकदा बदललेली असते, म्हणून कार्यक्रम ‘चढत’ नेण्याची सभागृहातली पद्धत इथे उपयोगी पडत नाही. प्रत्येक गाणे स्वतंत्रपणे उभे राहिले पाहिजे आणि ते चार-पाच मिनिटांत संपले पाहिजे. लांब आलापाने सुरुवात करू नये. ज्यात लोकांना सामील होता येते ते गाणे पहिले घ्यावे : अभंगाचा गजर, कोळीगीताचे ध्रुवपद, किंवा झीलकऱ्यांबरोबर ‘जी जी’ धरता येईल असा पोवाडा. टाळ्यांची लय धरलेला माणूस सहसा गाणे अर्धवट सोडून जात नाही. एकदा लोक उभे राहिले की मग संथ भावगीत किंवा गझल आवर्जून गावी, कारण रस्त्याच्या गोंगाटात अचानक पसरणारी शांतता माणसाला आतून थांबवते आणि बहुतेक वेळा तिच्यानंतरच पेटीकडे पावले वळतात.

मधले बोलणे तीस सेकंदांच्या आत संपवावे. संस्थेचे नाव, पैसा कशासाठी आणि मदत कशी करायची, एवढेच सांगावे. तेही प्रत्येक दोन गाण्यांनंतर, कारण आधी सांगितलेले ऐकणारे निघून गेलेले असतात. ‘सढळ हाताने मदत करा’ हे वाक्य कानांना इतके सवयीचे झाले आहे की ते कोणाच्या मनापर्यंत पोहोचत नाही. त्यापेक्षा संस्थेकडून एखादा खरा आकडा विचारून घ्यावा, म्हणजे एका मुलाच्या महिन्याच्या औषधांना किंवा एका विद्यार्थ्याच्या वर्षाच्या पुस्तकांना किती खर्च येतो तो, आणि तेवढाच सांगावा. ज्यांच्यासाठी निधी गोळा होतो आहे त्या आजारी मुलांना किंवा वृद्धांना समोर उभे करून त्यांची व्यथा ऐकवण्याला माझा ठाम विरोध आहे. त्यांच्यापैकी कोणाला स्वतः गायचे असेल तर त्यांना इतर कलाकारांसारखेच स्थान आणि वेळ द्यावा.

पेटीजवळचे काम

हे काम सर्वांत साधे समजून सर्वांत लहान मुलाला देण्याची चूक अनेक ठिकाणी होते. पेटीजवळ दोन प्रौढ व्यक्ती असाव्यात, एकमेकांच्या नात्यातल्या नसाव्यात आणि एकाला पाणी प्यायला जायचे असेल तर तिसऱ्याने येऊन त्याची जागा घेतल्याशिवाय जाऊ नये. पेटी पारदर्शक, मोहोरबंद आणि क्रमांक घातलेली असावी. तिच्यावर संस्थेचे नाव, नोंदणी क्रमांक आणि परवानगीचा क्रमांक वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरांत असावा. पेटी खुळखुळवत लोकांच्या अंगावर जाऊ नये. गर्दीच्या मागच्या कडेला, जिथून माणसे बाहेर पडतात तिथे उभे राहावे आणि जो देत नाही त्यालाही ‘ऐकायला थांबलात, आभारी आहोत’ असे म्हणावे. पृथ्वीराज कपूर झोळी घेऊन उभे राहताना मान खाली घालत असत असे सांगतात. कोण किती टाकतो याकडे पाहू नये, ही रीत पेटीजवळच्या प्रत्येकाने उचलण्याजोगी आहे.

आता बरेच लोक खिशात हात घालण्याऐवजी फोन काढतात, त्यामुळे यूपीआयच्या फलकाकडे पेटीइतकेच लक्ष द्यावे लागते. क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच असावा, कोणाही कार्यकर्त्याच्या वैयक्तिक क्रमांकाचा नसावा, आणि स्कॅन केल्यावर जे नाव दिसते ते फलकावर छापलेले असावे म्हणजे देणाऱ्याला ते ताडून पाहता येते. मूळ कोडवर दुसराच कोड चिकटवून पैसे वळवण्याचे प्रकार बाजारात होतात; म्हणून तासातासाने एका स्वयंसेवकाने स्वतः कोड स्कॅन करून नाव तपासावे आणि कागदाच्या कडेवरून बोट फिरवून वर काही चिकटवलेले नाही ना ते पाहावे. रक्कम जमा झाल्याचे मोठ्याने सांगणारे छोटे यंत्र दुकानदाराच्या सोयीचे असले तरी गाण्याच्या मध्येच ते बोलू लागले की गायकाचा सूर बिघडतो आणि देणाऱ्यालाही संकोच वाटतो. ते बंद ठेवावे आणि जमा झाल्याची खात्री संस्थेच्या फोनवर करावी.

मोठी रक्कम देणाऱ्याला पावती तिथेच द्यावी. पावतीपुस्तकाला क्रमांक आणि स्थळप्रत असावी. करसवलत हवी असणाऱ्याचे नाव, पत्ता आणि पॅन क्रमांक लिहून घ्यावा, आणि २००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोख दिली तर तिच्यावर करसवलत मिळत नाही हे त्याला आधीच सांगावे. गोव्यात किंवा मुंबईच्या फोर्ट भागात परदेशी पाहुणे हमखास थांबतात आणि आनंदाने पैसे देऊ करतात; पण एफसीआरए म्हणजे परकीय देणगी नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला परकीय नागरिकाची देणगी घेता येत नाही. हाच नियम परदेशी पासपोर्ट घेतलेल्या आपल्या नातेवाइकांनाही लागू होतो. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी व्यक्तीने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी मात्र चालते. संस्थेकडे अशी नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल, तर परदेशी पाहुण्यांना हसून नकार द्यावा आणि पुढच्या गाण्याला थांबायचा आग्रह करावा.

आधीपासून तिथे असलेली माणसे

ज्या पदपथावर आपण एका संध्याकाळसाठी बसणार आहोत, तिथे कोणाची तरी रोजची जागा असते. फुगेवाला, गजरेवाली, चणे-फुटाणे विकणारा आणि कधी कधी रोज तिथे बसून गाणारा अंध गायकही. उत्सवासाठी त्यांना हटवून दुसऱ्यांच्या मदतीसाठी गाणे हे मला कोणत्याही कारणाने पटत नाही. स्वयंसेवकांनी आठवडाभर आधी त्या रस्त्यावर दोन-तीन वेळा संध्याकाळी फिरून कोण कुठे बसते ते टिपून ठेवावे आणि कलाकारांच्या जागा त्यानुसार आखाव्यात. रोज गाणाऱ्या कलाकाराला उत्सवात सन्मानाने वेळ द्यावा, आणि त्याच्यासमोर पडलेले पैसे त्याचेच राहतील हे फलकावर लिहावे; त्याची संध्याकाळची कमाई ही आपल्या निधीची जमा नव्हे.

रहिवाशांच्या गृहनिर्माण संस्थांना कार्यक्रमाची वेळ आणि एका जबाबदार व्यक्तीचा क्रमांक असलेले पत्र द्यावे. कोणाच्या घरी आजारी माणूस किंवा परीक्षेचा विद्यार्थी असेल तर त्या खिडकीखालची जागा बदलता येते. गर्दी कितीही झाली तरी रुग्णवाहिका सरळ जाईल एवढी वाट दोरी लावून मोकळी ठेवावी, आणि १०८ व ११२ हे क्रमांक प्रत्येक स्वयंसेवकाच्या ओळखपत्रामागे छापावेत. महिला कलाकारांसाठी आणि स्वयंसेवकांसाठी स्वच्छतागृहाची सोय जवळच्या शाळेत, वाचनालयात किंवा मंगल कार्यालयात आधी ठरवून त्याचा नकाशा सर्वांना द्यावा. ही बाब आयोजकांच्या यादीत नेहमी शेवटी येते, ती पहिल्या पाचांत यायला हवी.

मोजणी आणि हिशेब

पेट्या रस्त्यावर उघडू नयेत. बंद खोलीत, संस्थेचा एक प्रतिनिधी, आयोजकांचा एक आणि कलाकारांपैकी एक अशा तिघांसमोर मोहोर तोडावी, पेटी क्रमांकानुसार नोटा आणि नाणी वेगवेगळी मोजावीत आणि मोजणीच्या कागदावर तिघांनीही सही करावी. कागदाचे छायाचित्र तिथल्या तिथे सर्वांना पाठवावे. नाण्यांची मोजणी कंटाळवाणी असते, तिच्यासाठी ताज्या दमाची माणसे ठेवावीत. दिवसभर उन्हात उभ्या राहिलेल्यांना घरी जाऊ द्यावे. रक्कम बँकेत भरेपर्यंत ती कोणाकडे आहे हे त्या कागदावरच लिहावे.

दोन-तीन दिवसांत एकूण जमा, रोख किती, यूपीआयने किती, खर्च किती आणि संस्थेला सुपूर्द केलेली रक्कम किती, हा हिशेब जाहीर करावा. केवळ समाजमाध्यमांवर नव्हे, तर त्याच रस्त्यावर, जिथे गाणे झाले तिथल्या एखाद्या दुकानदाराच्या परवानगीने कागद लावावा, कारण दहा रुपये टाकून गेलेली गजरेवाली तो तिथेच वाचणार किंवा कोणाकडून वाचून घेणार आहे. धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेतली असल्यास हिशेब तिथेही सादर करावा लागतो. पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती, मोजणीचे कागद आणि परवानग्यांच्या प्रती एकाच फायलीत लावून संस्थेकडे द्याव्यात आणि एक संच आयोजकांनी स्वतःकडे ठेवावा. पुढच्या वर्षी परवानगीसाठी अर्ज करताना हीच फाईल सर्वांत आधी मागितली जाते.